मायाप्पांची सात नंबर

रस्त्याने जाणाऱ्या परक्या शेळीस थांबवून, तिच्या जबड्यात दोन बोटे घालून, तिने रवंथासाठी नुकताच वर आणलेला घास काढून घेणारा आणि त्यानंतर तिला 'थँक्यू अक्का' असे म्हणणारा इसम मी माझ्या एकोणतीस वर्षांच्या अर्जलेखनाच्या कारकिर्दीत एकच पाहिला. त्यांचे नाव श्री. मायाप्पा. राहणार माधवनगरच्या पलीकडील आमच्याच वसाहतीत, माझ्या घरापासून पूर्वेस तिसरे घर. चतुःसीमा नमूद करावयाची तर त्यांच्या घराच्या दक्षिणेस सार्वजनिक रस्ता, उत्तरेस पडीक जागा, पूर्वेस बंद पडलेल्या गिरणीची भिंत आणि पश्चिमेस सौ. शिंदे वहिनींची जास्वंद. सदर जास्वंदीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार असल्याने वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

काढलेला घास ते ओल्या फडक्यात गुंडाळतात, फडके काखेत धरतात आणि मग, वय पासष्ट असूनही, धावत सुटतात. कारण कोठेतरी एखादी शेळी चारा टाकून उभी असते आणि तिच्या मालकाने मायाप्पांना निरोप धाडलेला असतो. निरोगी शेळीच्या तोंडातला घास आजारी शेळीच्या तोंडात घातला की ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाऊ लागते, ही विद्या त्यांना जतकडील धनगरवाड्यात त्यांच्या वडिलांकडून मिळाली. हा इलाज प्रत्येक वेळी लागू पडतो असे मी म्हणणार नाही. तथापि मायाप्पा धावत आल्याचे पाहूनच काही शेळ्या दचकून उभ्या राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

मी सांगलीत कचेरीसमोर चिंचेखाली बसतो. माझे शालेय शिक्षण इयत्ता नववीत थांबले असले, तरी भल्याभल्या पदवीधरांचे अर्ज माझ्या हातून गेलेले आहेत. अलीकडे जो तो टंकलेखन केंद्रात जातो. परंतु केंद्रातील यंत्राला मजकूर सुचत नाही, तो माझ्याकडूनच न्यावा लागतो. असो. सांगावयाचे इतकेच, की माणूस समोर उभा राहिला की त्याच्या अर्जाचा विषय मला त्याने तोंड उघडण्यापूर्वी कळतो. मायाप्पांचा विषय मला सतरा वर्षे कळला नव्हता.

त्यांच्या अभिवादनापासूनच अडचण सुरू होते. आमच्या वसाहतीत लोक एकमेकांना 'जेवलासा का' असे विचारतात. मायाप्पा विचारतात, "पोटातली मंडळी बरी हाईत न्हवं?" नवख्या माणसास वाटते, ते घरातील माणसांची चौकशी करीत आहेत. एकदा शिंदे वहिनींच्या नव्या सुनेने लाजून उत्तर दिले, "अजून तसं काही नाही, मामा." यावर मायाप्पांनी तिला धीर देत सांगितले, "आसं कसं? लाखानं आसत्यात. तुला दिसत न्हाईत, एवढंच." ती पोर त्या दिवशी जेवली नाही.

मायाप्पा सांगलीतील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तेथे एक बाई होत्या, ज्यांचा उल्लेख ते नेहमी केवळ 'मॅडम' असा करतात आणि करताना उजवा हात सदऱ्याच्या गुंड्यांकडे नेतात. गुंडी उघडी राहिलेली मॅडमना चालत नसे. या बाई गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांच्या पोटातील बुरशीचा अभ्यास करीत. बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती नव्हे. ही बुरशी जनावराच्या पोटात, अंधारात, वाऱ्याशिवाय राहते आणि वाळल्या कडब्याच्या काडीत मूळ घालून ती काडी आतून उकलते. तिला बाहेरचा वारा लागला की ती मरते. तिला गारठा लागला तरी मरते. काचेच्या नळीत ठेवायची तर दर तिसऱ्या दिवशी जुन्या नळीतून नव्या नळीत हलवावी लागते, नाहीतर मरते. इतके नाजूक प्रकरण मी फक्त वाटणीच्या दाव्यात पाहिले आहे.

हे हलविण्याचे काम मायाप्पांकडे होते. दर तिसरा दिवस. त्यात रविवार आला, दिवाळी आली, सख्ख्या मेव्हण्याचे लग्न आले. मेव्हण्याच्या लग्नात ते हजर झाले ते बगलेत थर्मास घेऊन. मांडवात थर्मास दिसल्यावर चहाची अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक आहे. वधूच्या आजोबांनी कप पुढे केला. मायाप्पांनी नम्रपणे कळविले, की आतला माल जतच्या एका मेंढीच्या पोटातला असून तो एकोणचाळीस अंशांवर राखणे जरुरीचे आहे. आजोबांना ऐकू कमी येत होते. ते म्हणाले, "बिनसाखरेचा असला तरी चालेल." पुढील प्रकार येथे लिहिण्यासारखा नाही. मेव्हणा अद्याप बोलत नाही, एवढे नमूद करतो.

निवृत्तीनंतर मायाप्पा दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन बसू लागले. माझ्या पक्षकारांना त्यांचा थोडा त्रास होई, कारण वारस नोंदीचे काम चालू असताना ते मध्येच तोंड घालत.

"अर्जवाले, वारसा कसा जातोय?" एके दिवशी त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "तीन मार्गांनी. औरस संतती, दत्तक आणि मृत्युपत्र."

"चवथी वाट हाय."

"कायद्यात नाही."

"कायद्यात न्हाई. म्हशीच्या पोटात हाय."

समोर बसलेले पलूसचे दोन भाऊ, जे सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांनी त्या दिवशी प्रथमच एकमेकांकडे पाहिले.

मायाप्पांनी मग सविस्तर निवेदन केले. लय जुन्या काळी, जेव्हा गवत खाणारी जनावरे नवीन होती, तेव्हा ही बुरशी त्यांच्या पोटात राहावयास आली. जागा उबदार, खायला भरपूर. परंतु काडी चिवट आणि तिच्याकडे काडी चिरायची हत्यारे अपुरी. शेजारी जिवाणूंची मोठी वस्ती. जिवाणू म्हणजे बुरशीच्या गोतातले नव्हेत, अगदी वेगळी जात. पण त्यांच्याजवळ काडी चिरायच्या हत्याराची कृती लिहिलेली चिठ्ठी होती.

"प्रत्येक जिवाच्या अंगात असल्या हजारो चिठ्ठ्या आसत्यात," मायाप्पा म्हणाले. "मॅडम त्यास्नी जनुकं म्हनायच्या. आपल्याला त्या आई-बापाकडनं येत्यात. बुरशीनं मातुर शेजाऱ्याची चिठ्ठी उचलली."

"मागून घेतली की न विचारता?"

"ते बगायला कोन हुतं? शेजारी फुटून मेला आसंल, चिठ्ठी वाहत आली आसंल, हिनं गिळली आसंल. पर पुडं बगा. हिनं ती आपल्या वहीत चिकटवून टाकली. मग हिच्या पोरी जल्मल्या त्या ती चिठ्ठी घेऊनच. नातीबी तशाच. आन् एक न्हाई, आशा लय चिठ्ठ्या. शेजारून आलंय सगळं. वाऱ्याबिगर जगायचं कसं, त्यातलंबी काय काय शेजारूनच आलंय. शेजार नसता तर ही बुरशी हाय तशी झालीच नसती, आन् तुमची म्हस उसाचं वाडं बघून नुसती रडली आसती."

मी त्यांना समजावून सांगितले, की दुसऱ्याच्या दस्ताची नक्कल रीतसर अर्ज न करता मिळविणे आणि ती आपल्या दप्तरात लावणे यास गैरप्रकार म्हणतात. आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालविणे यास अतिक्रमण म्हणतात.

"व्हय की," मायाप्पा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. "आन् त्या अतिक्रमनावर तुमी दूध पिताय."

माझा पुढील मुद्दा कायदेशीर होता. नक्कल शेजाऱ्याची आहे हे सिद्ध कसे करणार? साक्षीदार नाही, तारीख नाही, शिक्का नाही. त्यावर त्यांनी मलाच प्रश्न केला. तासगावच्या अर्जलेखकाने लिहिलेला कागद नाव झाकून माझ्यासमोर ठेवला, तर मी ओळखेन काय? मी म्हणालो, डोळे मिटून ओळखेन. तो गृहस्थ प्रत्येक परिच्छेद 'सबब' या शब्दाने सुरू करतो.

"तसंच," मायाप्पा म्हणाले. "बुरशीची वही वाचत गेलं की मधीच एक पान येतं, त्याचा हात येगळा. ढंग जिवाणूचा. सगळी वही बुरशीची, तेवढं पान शेजारच्याचं. मॅडम बोट ठेवून दाखवायच्या."

हा मुद्दा मला त्या वेळी केवळ करमणुकीचा वाटला. तो माझ्यावरच येऊन आदळणार आहे याची कल्पना नव्हती.

आता शेळीविषयी. मायाप्पांच्या दारात एक करड्या रंगाची शेळी असते, कान लांब, स्वभाव संशयी. तिला मराठी समजत नाही. 'बा इल्ली' असे कानडीत म्हटले तरच येते. मायाप्पा तिला चारचौघांत 'सात नंबर' म्हणून हाक मारतात. या नावामागील हकिगत अशी, की मॅडम निवृत्त झाल्या, आजारी पडल्या आणि वर्षाच्या आत वारल्या. त्यांच्या खोलीत दुसरा विभाग येणार होता. शिल्लक राहिलेल्या सात नळ्या उकळून टाकून द्याव्यात असा मायाप्पांना हुकूम झाला. सबंध नोकरीत हुकूम न मोडलेल्या या माणसाने पाणी उकळावयास ठेवले आणि सात नळ्या सदऱ्यात घालून तो घरी आला.

घरी त्यांच्या पत्नी होत्या, तिपव्वा काकू. ठेंगण्या, हसऱ्या, तंबाखूची मिश्री लावणाऱ्या. नळ्यांना अंगाची ऊब हवी म्हणून काकूंनी त्या सबंध दिवस ओच्यात बांधून घरकाम केले. सहा नळ्या गेल्या. सातवीत बुडबुडे येत राहिले. तिसऱ्या दिवशी नवी नळी भरण्याची काही सोय नसल्याने मायाप्पांनी तो ऐवज जगातील एकमेव योग्य ठिकाणी, म्हणजे काकूंच्या शेळीच्या पोटात, रबरी नळीने सोडला. तेव्हापासून ती सात नंबर. ती म्हातारी झाल्यावर तिच्या तोंडातला घास तिच्या पाटीच्या, म्हणजे मादी करडाच्या, तोंडात घातला. मग तीही सात नंबर. सध्याची तिसरी. दर तिसऱ्या दिवशी मायाप्पा अद्याप एका वहीत नोंद करतात: 'सात नंबर. हालचाल बरी.'

काकू तीन वर्षांपूर्वी वारल्या.

गेल्या हिवाळ्यात शिंदे वहिनी माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचे यजमान सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असून घरात त्यांचा हुकूम चालत नाही. वहिनींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "भावजी, एक कडक तक्रार लिवून द्या. त्या शेळीनं माझी जास्वंद बुडापास्नं खाल्ली. तिसऱ्यांदा. गणपतीला फूल ऱ्हायलं न्हाई. वास येतो, लेंड्या पडत्यात, आन् ते मामा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या शेळ्यांच्या तोंडात हात घालत्यात. सूनबाई माहेरी सांगत बसली, सासर कसल्या गल्लीत हाय म्हणून."

व्यवसायाचा धर्म असा, की जो आधी येईल त्याचा कागद आधी. मी लिहिला. सात कलमे, त्यापैकी पाचवे विशेष साधले होते. त्यात सदर शेळीमुळे 'सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व सौजन्य यांस एकसमयावच्छेदेकरून बाधा' पोहोचत असल्याचे मी मांडले. वहिनींनी तो केंद्रात टंकलिखित करून पंचायतीत दिला. पंधरा दिवसांत शेळी हलवावी अथवा लेखी म्हणणे सादर करावे, अशी नोटीस मायाप्पांना आली.

ते नोटीस आणि तक्रारीची प्रत घेऊन माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले. 'मंडळी बरी हाईत का' असे विचारले नाही.

"हे वाचा," ते म्हणाले.

मी वाचल्यासारखे केले.

"लय झ्याक लिवलंय," मायाप्पा म्हणाले. "सगळा कागद शिंदेवैनीचा. जास्वंद त्यांची, लेंड्या त्यांच्या, सून त्यांची. मातुर ह्ये पाचवं कलम बगा." त्यांनी बोट ठेवले. "एकसमयावच्छेदेकरून. वैनीच्या सात पिढ्यांत ह्यो शबुद कुनी बोललेला न्हाई. ह्यो हात येगळा हाय. शेजारून आलाय."

चिंचेचे एक पान टेबलावर पडले. ते मी बाजूला केले. सांगावयास हरकत नाही, की हा शब्द मूळचा माझाही नव्हे. मी नवीन असताना माझ्या शेजारी एक म्हातारे अर्जलेखक बसत. ते माझे गुरू नव्हते, नातलग तर नव्हतेच, उलट माझी गिऱ्हाइके पळवीत. ते गेल्यानंतर त्यांचा हा शब्द माझ्या कागदांत कधी येऊ लागला, हे मला सांगता येणार नाही.

"मायाप्पा," मी म्हणालो, "हा माझा व्यवसाय आहे."

"म्या कुठं न्हाई म्हनतोय? ज्यानं तक्रार लिवली त्यानंच उत्तर लिवावं. त्याला ठावं आसतंय, कुठं ढिल्लं हाय."

त्यांनी रागावयास हवे होते. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी फक्त गुंड्या चाचपल्या आणि विचारले, "शेळी ऱ्हाईल न्हवं?"

उत्तराचा मसुदा त्यांनी मनात तयार करूनच आणला होता. मला तो उतरवून घ्यावा लागला. कलम एक: बुरशी म्हणजे काय. कलम दोन: तिने जिवाणूंकडून घेतलेल्या चिठ्ठ्या. कलम तीन ते आठ: मॅडम. कलम नऊ: दर तिसरा दिवस. अकरा कलमे झाली आणि त्यांपैकी एकाही कलमात जास्वंदीचे उत्तर नव्हते. मी त्यांना स्पष्ट विचारले, "पंचायतीने उद्या विचारले, की सात नंबर नळीतली बुरशी आजही त्या शेळीच्या पोटात आहे याचा पुरावा काय, तर काय सांगाल?"

"पुरावा न्हाई."

"म्हणजे?"

"शेळीच्या पोटात तिची सवताची मंडळीबी आसत्यात. त्या गर्दीत मॅडमची ऱ्हायली का गेली, ह्ये नळीत काढून बघितल्याबिगर कळत न्हाई. मॅडम आसत्या तर बघून सांगितलं आसतं." त्यांचा हात गुंड्यांकडे गेला. "आता आपन हाय म्हनायचं."

ज्या मुद्द्यास अर्जदारच पुरावा नाही म्हणतो, तो मुद्दा टिकत नाही. मी त्यांना सांगितले, की कागद पक्का करण्यापूर्वी मी जागेची पाहणी करीन. याचा खरा हेतू असा होता, की शेळी मागील पडीक जागेच्या बाजूस बांधता येईल काय ते पाहावे आणि तडजोड सुचवावी.

मी गेलो तो दिवेलागणीच्या सुमारास. दार उघडे होते. हाक मारणार, तोच आतून मायाप्पांचा आवाज आला. ते कोणाशी तरी जेवता जेवता बोलत होते. अर्धे कानडी, अर्धे मराठी. "आज भाकरी करपली गं. तूच तव्याकडं बघत बसतीस, सांगत न्हाईस." मला वाटले, पाहुणे आले असावेत. मी दाराच्या चौकटीतून डोकावलो.

भिंतीला टेकून मायाप्पा बसले होते, पुढ्यात ताट. समोर, जेथे चुलीच्या बाजूस तिपव्वा काकू बसत असत, तेथे पोत्यावर सात नंबर बसली होती आणि डोळे अर्धवट मिटून रवंथ करीत होती. घरात दुसरा आवाज नव्हता. तिच्या जबड्याचा मात्र संथ, ओला, एका लयीतला आवाज येत होता. मायाप्पा एक घास घेत, थांबत, तो आवाज ऐकत आणि मग दुसरा घास घेत.

"रत्नी," ते तिला म्हणाले, "सावकाश खा."

रत्नी हे शेळीचे नाव काकूंनी ठेवलेले. सात नंबर या नावाची काकू कायम थट्टा करीत. त्यांनी तीनही शेळ्यांना रत्नीच म्हटले. मायाप्पा मात्र चारचौघांत ते नाव कधी घेत नसत. ते शास्त्रीय नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांनी मला पाहिले. चोरी पकडली गेल्यासारखे ते चटकन उठू लागले. मी म्हणालो, बसा, मी फक्त पाहणीस आलो आहे.

"ह्येचं काय हाय," मायाप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "सांजच्याला घरात कुनीतरी खातंय असा आवाज पायजे. न्हाईतर घास खाली जात न्हाई. बुरशीचं ते हायच. पर आवाजाचं बी हाय."

मी घरी येऊन अकरा कलमांची सुवाच्य प्रत केली आणि तिला बारावे कलम जोडले. माझ्या सवयीप्रमाणे ते दीड पान भरले असते. परंतु लिहावयास बसल्यावर एकच वाक्य झाले: 'अर्जदार एकटे जेवतात.' दुसऱ्या दिवशी मी कागद सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला.

मायाप्पा प्रत्येक कलमावर बोट ठेवून वाचतात. मॅडमची शिस्त. बाराव्या कलमावर बोट बराच वेळ राहिले. चिंचेखाली नेहमीची वर्दळ होती, एक बाई रेशनकार्डाच्या नकलेविषयी विचारीत होती, तिला मी हाताने थांबविले.

"ह्ये कुनी सांगितलं तुमाला?"

"पाहणीत आढळले."

"गावभर वाचून दावायचं हे?"

"पंचायतीपुरते. आपणास नको असल्यास खोडतो. बाजूला सही करावी लागेल."

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले. मला वाटले, खोडतील. अर्जदाराचा तो हक्कच होता आणि मी ते वाक्य न विचारता घातले होते. त्यांनी वाकून, मॅडमच्या वळणाच्या बारीक अक्षरात, दुरुस्ती केली आणि बाजूला सही ठोकली. आता कलम असे झाले: 'अर्जदार एकटे जेवत नाहीत. शेळी असते.'

"खोटं कशाला लिवायचं?" ते म्हणाले.

पंचायतीच्या सुनावणीत अर्जलेखकास बोलण्याचा अधिकार नसतो. मी दाराजवळ उभा राहिलो. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी उत्तर मोठ्याने वाचावयास घेतले. कलम दोनला सुभेदारसाहेबांना डुलकी लागली. कलम पाचला सरपंचांनी चहा सांगितला. कलम नऊला वहिनी म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझ्या जास्वंदीचं कुठल्या कलमात येतंय तेवढं सांगा, तवर मी बाहीर बसते." भाऊसाहेबांनी घाईघाईने दहा आणि अकरा उरकले आणि त्याच भरात बारावे वाचून टाकले.

मग त्यांनी ते पुन्हा एकदा, मनात वाचले.

मायाप्पा भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत होते. वहिनींनी खोचलेला पदर सोडला.

"तिपव्वा होती तवा," त्या म्हणाल्या, "भिंतीवरनं कालवणाची वाटी यायची. मी घ्यायची, माझी द्यायची." आणि मग एकदम आवाज चढवून, "पर म्हणून जास्वंद खायची व्हय? शेळी मागल्या अंगाला बांधायची. दिवसभर. सांजच्याला आत घेतली तर मला दिसत न्हाई. आन् रस्त्यावर शेळ्यांच्या तोंडात हात घालायचा न्हाई, माझ्या सुनंपुढं तरी न्हाई. लिवा, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी लिहिले. भाषा सदोष होती, पण मी बोललो नाही.

या गोष्टीस आता काही महिने झाले. परवा सायंकाळी मी मायाप्पांच्या घरावरून जात होतो. वहिनींच्या बाजूच्या भिंतीवर जास्वंदीचे छाटलेले कोवळे शेंडे, नीट जुडी बांधून, ठेवलेले होते. मायाप्पा बाहेर आले, जुडी उचलली आणि करडासारखी काखेत धरली.

"हे काय?" मी विचारले.

"शेजारून आलंय," मायाप्पा म्हणाले. "रोज येतंय."

आत पोत्यावर सात नंबर बसली होती. तिने जुडीकडे पाहिले आणि ती आपल्या खासगी कानडीत काही म्हणाली. मायाप्पांनी ताट घेतले, माझ्याकडे पाहिले आणि दुसरे ताट मांडू लागले. मी त्यांना मी जेवलो असल्याचे कळविले. हे विधान वस्तुस्थितीस धरून नव्हते. म्हणून मी ते मागे घेतले आणि खाली बसलो.